तृतीयपंथीयांनी काम ‘स्वतःहून’ सोडले?

संपादक महोदय,

तृतीयपंथीयांना टाळ्या वाजवून मागण्याची सवय लागली आहे, त्यांना काम नकोच असते, हे वाक्य मराठवाड्यात बाजारपेठेपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत इतक्या सहजपणे बोलले जाते की, काम मागायला गेल्यावर त्यांचे काय होते याची चौकशी करण्याची गरजही कोणाला वाटत नाही. वाळूज औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे पर्यवेक्षक होतो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

आमच्या विभागात ठेकेदारामार्फत आयटीआय झालेली एक तृतीयपंथी युवती कामाला लागली होती. हात चांगला होता, मापात कधी चूक निघत नसे. परंतु आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर जुने, मुलाचे नाव असल्याने गेटवर तिचा पास रोज उलटसुलट करून पाहिला जाई आणि मागच्या रांगेत हशा पिके. पुरुषांच्या स्वच्छतागृहात टवाळी होई, महिलांच्या स्वच्छतागृहात तिला जाऊ द्यायला व्यवस्थापन तयार नव्हते. म्हणून ती संपूर्ण पाळीभर पाणीच पीत नसे, तेही मे महिन्यात, प्रेस शॉपच्या पत्र्याखाली. जवळपासच्या गावात भाड्याने खोली मिळेना. शेवटी ती यायची बंद झाली आणि हजेरीपटावर ‘स्वतःहून काम सोडले’ असा शेरा पडला. हा शेरा खोटा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथीयांना नोकरी दिली तेव्हा देशभर कौतुक झाले, पण राहायला जागा न मिळाल्याने त्यांपैकी काहींनी लवकरच नोकरी सोडली.

कायदा नाही, अशी सबब सांगता येणार नाही. तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख आणि समान हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा आहे. २०१९ च्या कायद्याने नोकरीतील भेदभावाला मनाई केली असून प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. २०२० च्या नियमांनुसार समान संधीचे धोरण प्रसिद्ध करावे लागते, त्यात स्वच्छतागृहासारख्या सोयींचा तपशील द्यावा लागतो आणि तक्रारीची चौकशी पंधरा दिवसांत करावी लागते. तरीही एका तृतीयपंथी शिक्षिकेच्या प्रकरणात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीतील उदासीनतेवर कठोर शब्दांत बोट ठेवावे लागले. महिलांसाठीच्या अंतर्गत समितीची नावे आमच्या सूचनाफलकावर असत. तृतीयपंथीयांसाठीच्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव मी तेथे कधी पाहिले नाही.

म्हणून मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि कामगार कार्यालयांना माझी विनंती आहे की, वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड येथील आस्थापनांची तपासणी करताना वेतनपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जशा मागितल्या जातात, तसेच या अधिकाऱ्याचे नाव आणि लेखी धोरणही मागितले जावे. ठेकेदाराच्या कामगारांनाही ते लागू असल्याचे त्यात नमूद असावे, कारण बहुतेक तृतीयपंथीयांना आत येण्याची वाट ठेकेदारामार्फतच मिळते आणि तक्रार केली की ठेकेदार कंपनीकडे, तर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर