नळीआधीची पाच मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या दवाखान्यांत मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टी आणि आयसीयूत गेली. व्हेंटिलेटर किती आले, किती धूळ खात पडले, याच्या बातम्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण व्हेंटिलेटर लावण्याआधी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. अत्यवस्थ माणसाचा जीव त्या चार-पाच मिनिटांतच जाऊ शकतो. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

श्रावणातली एक पहाट. रात्री जमिनीवर गोधडी टाकून झोपलेल्या एका शेतकरी बाईंना लेकाने टमटममधून आणले. "पोट दुखतंय म्हनली रातीला, आता डोळेच उघडंनात," एवढेच तो सांगत होता. दंशाची खूण दिसत नव्हती, पण मण्यार असणार हे आम्ही ओळखले. सापाच्या विषावरची लस सुरू केली, तरी श्वास उथळ होत चालला होता. ड्युटीवर एकटे तरुण डॉक्टर, रात्री भूलतज्ज्ञ नाही. घशात लाळ साठलेली आणि सक्शन मशीन शेजारच्या वॉर्डात. नळी घालताना घसा दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा मध्येच विझायचा. तीन प्रयत्न फसले. चौथ्यांदा नळी गेली, डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, आवाज येतोय. नळीतून हवा देणारी बॅग मी दाबत होते. छाती हलत नव्हती, पोट फुगत होते. "सर, नळी पोटात गेलीय" हे शब्द माझ्या तोंडून निघायला वेळ लागला, कारण सिस्टरने डॉक्टरांना असे कसे सांगायचे! तोवर नखे निळी पडली होती. हृदय पुन्हा सुरू झाले, पण त्या शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, मेंदू शाबूत राहतो. श्वास यंत्रावर चालू ठेवला तर असा माणूस काही दिवसांत बोलत घरी जातो. त्या बाईंना वाचवता आले असते, हे मला आजही डाचते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. दिवस उजाडेपर्यंत ते खाटेजवळून हलले नव्हते.

हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ देशांतल्या २,९६४ अत्यवस्थ रुग्णांची नोंद आहे. नळी घालताना किंवा लगेच नंतर त्यातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला. त्रास झालेल्यांपैकी बहुतेकांचे रक्ताभिसरण ढासळले, आणि एकूण रुग्णांत शंभरातल्या तिघांचे हृदय थांबले. म्हणजे घसा नीट दिसणे एवढ्यावर भागत नाही. बीपी आधी सावरावे लागते, ते वाढवणारे औषध भरून हाताशी ठेवावे लागते.

ऑक्सिजनचेही तसेच. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिले की श्वास थांबतो. धडधाकट माणूस आधी छातीभर ऑक्सिजन घेतलेला असेल तर काही मिनिटे तग धरतो, न्यूमोनियाच्या रुग्णाचे ऑक्सिजनचे आकडे बघता बघता कोसळतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत नळीआधी साध्या मास्कऐवजी दाबाने हवा देणारा घट्ट मास्क लावला, तेव्हा ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली जाण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ९ वर आले. असा मास्क आपल्या बऱ्याच आयसीयूंत कोविडपासून पडून आहे.

पुढे दुसऱ्या एका दवाखान्यात मला एक भूलतज्ज्ञ मॅडम भेटल्या. नळीआधी त्या मोठ्याने विचारायच्या, "सक्शन चालू? बीपी किती? नळी नाही गेली तर पुढे काय?" भूल दिल्यापासून नळी जाईपर्यंत मास्कवरून हलकेच बॅग दाबायला लावायच्या. आणि मला सांगायच्या, "सिस्टर, ऑक्सिजनचे आकडे मोठ्याने म्हणा. नव्वदच्या खाली गेले की मला थांबवायचं." पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ही वेळखाऊ कटकट वाटली. मला मात्र माझा आवाज परत मिळाला.

त्यांच्या मॉनिटरवर कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, होता. नळी श्वासनलिकेत असेल तर दर श्वासाला पडद्यावर टेकडीसारखी रेघ उठते, अन्ननलिकेत असेल तर ती सपाट पडते. त्या पहाटे ही रेघ समोर असती, तर मला काही बोलावेही लागले नसते. आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही तपासणी आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न टाळणे, दोन्ही सांगितलेले आहे.

जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या खरेदीत पुढच्या व्हेंटिलेटरआधी कॅज्युअल्टी आणि आयसीयूसाठी कॅप्नोग्राफ घ्यावा. जमल्यास व्हिडिओ लॅरिंगोस्कोपही, त्याने पहिल्याच प्रयत्नात नळी जाण्याची शक्यता वाढते. रात्रपाळीच्या डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा सराव एकत्र घ्यावा, वेगवेगळा नको. आमच्या जिल्ह्यात कुठे कॅप्नोग्राफ चालू आहे आणि कुठे नाही, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा जाऊन पाहावे ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सेलू, जि. परभणी