माटोळीच्या चार हुकांबद्दल

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी घोकून घेतलं होतं: वडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांसारख्यांना 'तीर्थस्वरूप'. एवढ्या वर्षांत दुसरा शब्द वापरायची वेळ आज पहिल्यांदा आली.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्या दारात उभं राहून आभार मानता येत नाहीत. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा "सोड गो" म्हणत तुम्ही विषय गटारात नेलात, म्हणजे खरोखरच इमारतीमागच्या तुंबलेल्या गटारात. नेवऱ्यांचा डबा दिला तर तो चार दिवसांनी पातोळ्यांनी भरून परत आला. आता हे वाचून दाखवायला तुमच्याकडे कुणी ना कुणी येईलच. तेव्हा मात्र पूर्ण ऐका.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी मी गोव्यातल्या फोंड्याच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले. डिचोलीकडच्या आमच्या गावच्या घरात काही बिघडलं तर बाबा अंगणात उभे राहून वाडीतल्या कुणाला तरी हाक मारत, आणि तो माणूस येई. दुरुस्ती म्हणजे हाक मारणं, एवढंच मला ठाऊक होतं. फ्लॅट दाखवणारा एजंट म्हणाला, "काही करायचं नाही मॅडम, सामान आणा आणि राहा." मी सामान आणलं. राहायला लागल्यावर तिसऱ्या रात्री सिंकखालचा अँगल कॉक जरा थेंब थेंब गळत होता म्हणून घट्ट करायला गेले आणि त्याची मूठ दांड्यासकट माझ्या हातात आली.

पाणी किती जोरात येतं हे त्या दिवशी कळलं. टॉवेल कोंबला, बादली लावली, प्लंबरला फोन केला. "उद्या सकाळी बघतो." जिन्यावरून पाणी खाली उतरलं तेव्हा तुम्ही वर आलात, लुंगी गुडघ्यापर्यंत उचलून, हातात काहीही न घेता. मला वाटलं होतं निदान पाना तरी आणाल. तुम्ही दारातूनच विचारलंत, "उदक खंय बंद जाता?"

मला माहीत नव्हतं. ज्या घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलं, त्या घराचं पाणी कुठे बंद होतं हे मी घर घेताना विचारलंच नव्हतं. फरशी कुठली, पंखे देणार का, पार्किंग कुठे, सगळं विचारलं होतं.

तुम्ही मला गच्चीवर नेलंत. काळ्या टाक्या, त्यांच्या खाली बारा गेट वॉल्व्ह, आणि त्यांच्यावरचे फ्लॅट नंबर उन्हापावसात केव्हाच उडालेले. "एकेक बंद कर. जो आरडटा, ताचो तो." तिसरा वॉल्व्ह बंद केला तेव्हा पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ अंगाला साबण लावून उभे होते, हे सगळ्या इमारतीला ऐकू आलं. पाचवा माझा निघाला. तो गंजून बसला होता. मी जोर लावायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात. थोडा पुढे, थोडा मागे, परत थोडा पुढे, असा हळूहळू तो माझ्याकडून सोडवून घेतलात. वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल्व्ह ऐन वेळी फिरत नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी उगाचच बंद करून उघडायचा, हे तुम्ही तिथेच अंधारात सांगितलंत. तुमचा स्वतःचा हात मात्र तुम्ही एकाही वॉल्व्हला लावला नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑइल पेंटची छोटी डबी आणून बाराही नंबर माझ्याकडून लिहून घेतलेत. ते अजून तिथे आहेत. सात नंबरचा आकडा वाकडा आहे, तेवढा माफ करा.

तुमची ही सवय कुठून आली ते पुढे कळलं. तुमचं आयुष्य मांडवी-जुवारी नद्यांतल्या बार्जींवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटींवर, फिटर म्हणून गेलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत नांगर टाकून पडल्या आणि तुम्ही घरी बसलात. बार्जीवर नट ढिला करण्याआधी त्यामागे काय काय चालू आहे ते बंद करावं लागतं, नाहीतर हात जातो, असं तुम्ही एकदाच म्हणालात. जास्त बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

नळाचं काम मला लवकर जमलं, याचं तुम्हालाच आश्चर्य वाटलं होतं. टेफ्लॉन टेप मी आधी उलटी गुंडाळत होते. नळ फिरवायला लागलं की ती गोळा होऊन बाहेर यायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ओढून गुंडाळायची, म्हणजे नळ बसवताना ती आणखी आवळते. नहाणीतला जुना नळ टिपकत होता. प्लंबर म्हणाला होता, "नवाच घाला." तुम्ही तो उघडायला लावलात आणि आतला झिजून खळगा पडलेला वायसर माझ्या तळहातावर ठेवलात. हार्डवेअरच्या दुकानात तो वायसर मागताना मला जो अभिमान वाटला तो पहिला पगार घेतानाही वाटला नव्हता. दुकानदाराने मात्र "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, साइज चुकेल" असं म्हटलं. साइज चुकली नाही. अर्धा इंची.

भिंतींनी मला जास्त रडवलं. दिवाणखान्याचा पडद्याचा दांडा तीन वेळा खाली आला. मी दर वेळी मोठा स्क्रू घालत होते. तुम्ही बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करत गेलात आणि एका ठिकाणी थांबून म्हणालात, इथपर्यंत काँक्रीटचा खांब, इथून पुढे चिरा. जांभा दगड मऊ, त्यात ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरण्यावर, ठेवलं की भोक हवं त्याहून मोठं होतं आणि स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी आत नुसती फिरत राहते. हॅमर बंद करून हळू भोक पाडायचं, आतली भुकटी फुंकून काढायची, आणि लांब गिट्टी घालायची. खांबात मात्र हॅमरशिवाय बिट एक सूतही आत जात नाही. एकाच भिंतीत दोन वेगळे स्वभाव. दांडा आता वर्षभर जागेवर आहे.

जुलैत पश्चिमेच्या भिंतीला फोड आले, रंगाचे पापुद्रे सुटले. गोव्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे शाळेत पाठ केलं होतं, पण तो भिंतीतून आत येऊन कपाटातल्या साड्यांना बुरशी लावतो हे पुस्तकात नव्हतं. मी वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणायला निघाले होते. तुम्ही स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा मागितलात, तो भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावलात आणि उद्या बघ म्हणालात. दुसऱ्या दिवशी फॉइलची भिंतीकडची बाजू ओली होती. खोलीतली दमट हवा असती तर ओल पुढच्या बाजूला दिसली असती. पाणी बाहेरून येत होतं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी थेंबून पडावं म्हणून खाच असते, ती आमच्या छज्जाला नव्हतीच, त्यामुळे पाणी खालून सरपटत भिंतीपर्यंत पोचत होतं. खाच दिवाळीनंतर गवंड्याकडून करून घेतली आणि भिंत सुकायला महिनाभर तशीच उघडी ठेवली. आलेगेले विचारत, "रंग नाही लावत?" मी तुमच्यासारखीच मान हलवायची.

ऑगस्टमध्ये बेडरूमचं दार फुगून अडकायला लागलं, तेव्हा सुतार रंधा घेऊनच आला होता. तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. पावसात फुगलेलं दार तासलं तर उन्हाळ्यात त्याच फटीतून पाल आत येते, असं तुमचं म्हणणं. आधी बिजागरीचे स्क्रू आवळले, मग अडकणाऱ्या कडेला मेणबत्ती घासली. मार्चमध्ये दार आपोआप नीट झालं. सुतार अजून माझ्यावर रागावलेला आहे.

विजेचं मात्र तुम्ही शिकवलं नाहीत, आणि त्याचा मला तेव्हा राग आला होता. पावसात रात्री आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, उडायची. तुम्ही फक्त शोधायला शिकवलंत: सगळ्या एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाचे छोटे स्विच, खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायची, ज्याने ती उडेल तिथे दोष. बाल्कनीचा सॉकेट निघाला, पाणी गेलेला. तीस मिलीअँपिअर एवढी गळतीही त्या यंत्राला पुरते, आणि ती उडते म्हणून माणूस वाचतो. तिला वैतागून बायपास करून देणारे लोक असतात, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. पुढचं काम परवानाधारक वायरमनचं, असं म्हणून तुम्ही टेस्टर माझ्या हातातून काढून घेतलात. पंख्याचा कपॅसिटर बदलायला दिलात, तोही मेन बंद करून, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो स्वतः बरा आहे ना हे बघितल्यावर. माझा राग आता गेला आहे.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते अजून राहिलंच.

२०२४ च्याच पावसात गावच्या घराची मागची मातीची भिंत बसली. देवाची खोली त्याच बाजूला. चवथ ७ सप्टेंबरला, आणि गणपती कुठे बसवायचा हा प्रश्न. चवथीला मूळ घर सोडायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? आई माझ्याकडे आली ती बांधलेली गाठोडी घेऊन आणि गप्प. तिसऱ्या दिवशी छताकडे बघत म्हणाली, "माटोळी खंय बांदतली?"

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची, वेलींची चौकट. गावच्या घरात वासे होते. आजोबांच्या वेळेपासून माटोळीचे दोर त्याच वाशांना. नारळाची पेंड, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंगं, अंबाडे, रानातून आणलेल्या वेली, सगळं त्या लाकडी चौकटीला टांगायचं, आणि खाली गणपती. फ्लॅटमध्ये वर सपाट पांढरा स्लॅब. कुणी सुचवलं स्टँड लाव, कुणी म्हणालं यंदा लहानशी बांध, भिंतीला. आई काही बोलली नाही. मी खाली तुमच्याकडे आले.

तुम्ही आधी स्विचबोर्डपासून पंख्यापर्यंत छतावर पेन्सिलीने रेघ मारायला लावलीत. स्लॅबच्या पोटातून वायरीचे पाइप साधारण तसे जातात, त्या पट्ट्यापासून दूर राहायचं. तरी त्या खोलीची वीज बंद, ड्रिलसाठी वायर शेजारच्या खोलीतून. मग प्लॅस्टिकची गिट्टी दाखवून विचारलंत, ही चालेल? मी हो म्हणाले. तुम्ही ती खिशात टाकलीत. भिंतीत वजन स्क्रूला आडवं दाबतं, छतात ते स्क्रूला सरळ बाहेर ओढतं, आणि नुसती गिट्टी एखाद्या दिवशी सुटते. छताला लोखंडी अँकर फास्टनर, जो आवळला की आत फुगून काँक्रीटला धरतो. चार आणले, हुकवाले.

आणि करवंटी. अर्ध्या करवंटीच्या डोळ्यातून भोक पाडून ती ड्रिलच्या बिटावर तोंड वर करून चढवलीत, म्हणजे वरून पडणारी सगळी भुकटी तिच्यात. मी स्टुलावर, तुम्ही स्टूल धरून, आई खाली गाठोड्यावर बसून. पहिलं भोक पाडताना माझे हात थरथरत होते. चौथ्याच्या वेळी तुम्ही स्टूल सोडून आईशी गावच्या पाणंदीबद्दल बोलत होतात, हे मी वरून पाहिलं. ओरडणार होते, पण राहू दिलं.

चौकट चढवली आणि तुम्ही माटोळी बांधू दिली नाहीत. वीस लिटरच्या दोन बादल्या पाण्याने भरून रात्रभर चौकटीला टांगायला लावल्यात, खाली कुणी झोपायचं नाही या अटीवर. पहाटे मी उठले तर आई दिवाणखान्यात उभी, बादल्यांकडे बघत. पाणी हलत नव्हतं.

त्या वर्षीची माटोळी गावच्यापेक्षा जरा बुटकी होती. आरतीला तुम्ही आलात, मागे उभे राहिलात, आणि सगळे गणपतीकडे बघत असताना तुम्ही हुकांकडे बघत होतात.

यंदा गावची भिंत उभी राहिली आहे. गणपती परत मूळ घरी. माझ्या छताला चार हुक तसेच आहेत, आलेले पाहुणे विचारतात झोपाळा लावणार का म्हणून. गावी देवाच्या खोलीवर भावाने आता वासे न घालता स्लॅब घातला आहे. परवा त्याचा फोन आला, माटोळीचं कुणाला सांगू म्हणून. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस, मी येते.

रविवारी सकाळी ड्रिल मागायला खाली येईन. करवंटी माझ्याकडे आहे.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची