रहस्यमालिकेच्या पुस्तकावर क्रमांक छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अनुवादित रहस्यमालिकांचे भाग मराठीत सुटेसुटे येतात आणि हातातले पुस्तक मालिकेतले कितवे, याचा अनेकदा पत्ताच नसतो. रहस्यकथेत हे फार महागात पडते. पुढचा भाग आधी वाचला, तर मागच्या भागातला खुनी आयताच कळतो आणि एकदा कळलेले नाव काही केल्या विसरता येत नाही.

अगाथा ख्रिस्तीची 'डम्ब विटनेस' (१९३७) घ्या. त्यात तिचा गुप्तहेर पॉयरो बोलण्याच्या ओघात चार जुन्या गुन्हेगारांची थेट नावे घेतो. म्हणून 'स्टाइल्स' (१९२०), 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६), 'ब्लू ट्रेन' (१९२८) आणि 'डेथ इन द क्लाउड्स' (१९३५) या चारही कादंबऱ्या वाचल्याशिवाय तिला हात लावू नये. 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६) आधी वाचली, तर 'ओरिएंट एक्सप्रेस'चे (१९३४) कोडे एका वाक्यात फुटते.

सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथांत होणारे नुकसान वेगळ्या प्रकारचे. 'जय बाबा फेलुनाथ'मध्ये मगनलाल मेघराज हा खलनायक काशीत जटायूंना (फेलूदाच्या लेखक मित्राला) फळीपुढे उभे करून त्यांच्या अंगाभोवती सुरे फेकवतो. हा माणूस पुढे पुन्हा भेटतो (कोणत्या कथेत, ते मुद्दाम लिहीत नाही), तेव्हा जटायूंची गाळण का उडते, हे काशीचा तो प्रसंग वाचलेल्यालाच उमगते.

क्रम लावायचा तो मूळ प्रकाशनाच्या वर्षानुसार, कारण वाचकाला आधीचे काय ठाऊक आहे, हे धरूनच लेखक लिहितो. कथेतल्या काळानुसार लावला की घोटाळा होतो. 'व्हॅली ऑफ फिअर' (१९१४-१५) घडते होम्सच्या 'फायनल प्रॉब्लेम'च्या (१८९३) आधी. तिच्यात होम्सचा मित्र वॉटसन याला होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी ठाऊक आहे. 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये मात्र ते नाव आपण कधी ऐकलेच नाही, असे तो सांगतो. लेखनाचे वर्षही कामाचे नाही. पॉयरोची शेवटची 'कर्टन' दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवलेली होती, प्रकाशित झाली १९७५ मध्ये. ती शेवटीच वाचावी.

प्रकाशकांना फार खर्च नाही. श्रेयनामावलीच्या पानावर अनुवादाच्या आवृत्तीचे वर्ष असतेच. तिथेच मूळ नाव, मूळ वर्ष आणि मालिकेतला क्रमांक द्यावा. मागचे रहस्य फोडणारा भाग असेल, तर 'आधी अमुक वाचा' एवढी ओळ ठळक छापावी. मलपृष्ठावरचा मजकूर पहिल्या पाव भागापुढे जाऊ नये. प्रस्तावनेत उकल येत असेल, तर ती पुस्तकाच्या शेवटी टाकावी.

क्रमांक केवळ मुखपृष्ठावर नको. ग्रंथालयात पुस्तक बाइंडिंगला गेले की मूळ कव्हर निघून जाते आणि जाड पुठ्ठ्यावर फक्त नाव उरते. तो आतल्या शीर्षकपानावरही हवा, आणि बांधून आलेल्या प्रतीच्या कण्यावर ग्रंथपालांनी दाखलांकाशेजारी (ग्रंथालयाच्या नोंदवहीतल्या क्रमांकाशेजारी) तो शाईने घालावा.

आपला,
रहस्यकथांचा एक वाचक, पुणे