नव्या पुलाखाली माणसाला जाता यावे

संपादक महोदय,

खोल दरीवरचे जुने महामार्ग पूल पाडून नवे बांधायचे म्हटले, की चर्चा खर्च, मार्गिका आणि वाहतूक कुठून वळवायची एवढ्यावरच होते. माझी उभी नोकरी पुलांच्या तपासणीत झाली, म्हणून माझी मागणी वेगळी आहे. नव्या पुलाच्या खालच्या बाजूला माणसाला जाता आले पाहिजे.

पूल खराब होतो तो खालून. एक्स्पान्शन जॉइंटची, म्हणजे पुलाच्या दोन भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीची, रबरी पट्टी फाटते, पावसाचे पाणी थेट खांबाच्या माथ्यावर उतरते, तिथे माती साचते आणि त्या चिखलात बेअरिंग, म्हणजे खांबावर गर्डरला टेकू देणारा आणि सरकू देणारा भाग, गंजून अडकते. मग उन्हाने लांबणाऱ्या गर्डरला, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईला, सरकता येत नाही आणि सगळा ताण खांबावर येतो. वरून गाडीने जाणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. दरीत तर खालून पाहणेही अवघड. दुर्बिणीतून काँक्रीटवरचा तांबूस ओघळ दिसतो, पण सळई आत किती खाल्ली गेली, ते हातोडीने ठोकल्याशिवाय कळत नाही. पोकळ आवाज आला, की थर सुटला समजायचे.

इटलीत जेनोव्हाचा मोरांदी पूल १९६७ साली खुला झाला. त्याचे पोलादी ताणदोर काँक्रीटच्या आवरणात होते, त्यामुळे आतला गंज डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते. १९९०च्या दशकात एका मनोऱ्याला बाहेरून नवे दोर लावून बळकटी दिली गेली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला तो दुसरा मनोरा. ४३ जीव गेले.

अमेरिकेतला न्यू रिव्हर गॉर्ज पूल १९७७चा, नदीपासून २६७ मीटर उंच. त्याच्या रस्त्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासणीची पायवाट आहे. तेव्हा एवढ्या उंचीवर जमले, ते आज का जमू नये?

पूल १०० वर्षांसाठी आखतात, पण बेअरिंग त्याच्या कितीतरी आधी बदलावी लागतात. गर्डर उचलायला जॅक मावेल इतकी जागा खांबाच्या माथ्यावर हवीच. जिथे हातही आत जात नव्हता, अशा माथ्यांवर मी बसलो आहे. तिथली दुरुस्ती वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. पायवाट, जॅकची जागा, पाणी वाहून जायला उतार हे सारे मूळ आराखड्यातच असावे. दरीवर नंतर जोडकाम करणे फार महाग पडते.

नवा पूल वाहता होईपर्यंत जुन्याची तपासणीही थांबवू नये. ‘आता पाडायचाच आहे’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली जाते आणि जड वाहने मात्र त्याच्यावरूनच धावत राहतात. निविदा निघण्याआधी हा आराखडा लोकांसमोर ठेवावा, ही विनंती.

– पूल तपासणी विभागातील एक निवृत्त अभियंता