माजी सैनिकांच्या आठवणींची नोंद सरकारने ठेवावी: माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: माजी सैनिकांचे अनुभव त्यांच्या हयातीतच त्यांच्याच आवाजात नोंदवून घेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

माझे आजोबा, ज्यांना सारे गाव आबा म्हणत असे, गेल्या वर्षी वयाच्या एकशे एकाव्या वर्षी वारले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश भारतीय फौजेतल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत शिपाई होते. त्यांच्या पश्चात आम्ही मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि बँकेचे पासबुक सादर केले, राज्य शासनाकडून त्यांना मिळणारे मासिक अर्थसहाय्य रीतसर बंद झाले आणि नोंदवहीत त्यांच्या नावापुढे मयत असा शेरा पडला. या कामात कोणीही अडवणूक केली नाही, उलट सर्वांनी आदराने वागवले, हे मी आधीच नमूद करतो. मात्र त्या साऱ्या कागदपत्रांत हा माणूस कोठे लढला, त्याने काय पाहिले, याला एका ओळीचीही जागा नव्हती. हे पत्र त्या जागेसाठी आहे.

आबांचा जन्म कराड तालुक्यातला, डिस्चार्ज बुकाप्रमाणे १९२३ सालचा. घरी कोरडवाहू जमीन थोडी आणि भावंडे पुष्कळ, अशा घरांतल्या थोरल्या पोराने भरती व्हायचे, ही त्या काळी सातारा जिल्ह्यातली रीतच होती. याच जिल्ह्यातल्या एका गावाच्या नावाला 'अपशिंगे मिलिटरी' अशी जोड मिळालेली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. आबा १९४२ साली बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झाले. शाळा जेमतेम दोन इयत्ता झालेली, त्यामुळे फौजेत रोमन लिपीतले उर्दू ते आधी शिकले आणि मराठी वाचायला नीट नंतर शिकले. पुढे त्यांची पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनबरोबर १९४४ मध्ये इटलीत उतरली.

इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. त्यांत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक होते आणि त्यांपैकी ५,७८२ तिकडेच कामी आले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक) सहा भारतीयांना मिळाले, आणि त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे होते: माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आणि अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव. जाधव पहिल्या पलटणीचे, तर घाडगे आबांच्याच तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सारे मेले किंवा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच गनवर धावून गेले, हातबाँबने गन आणि गनर दोन्ही उडवले, आणखी एका शत्रूवर गोळ्या झाडल्या, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांचा देह मिळाला नाही. त्यांचे नाव इटलीतल्या कसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेले आहे.

त्या दिवशी आबा पलटणीच्या वेगळ्या कंपनीत होते. घाडगे यांना पडताना आपण पाहिले, असे त्यांनी उभ्या आयुष्यात कधी म्हटले नाही. गावात व्याख्यानाला आलेल्या एका पाहुण्यांनी त्यांच्या तोंडी तसे घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आबांनी भर सभेत उठून 'मी नव्हतो तिथं' असे सांगितले होते. त्यांची साक्ष मोलाची का होती, हे यावरून ध्यानात यावे. जे पाहिले तेवढेच ते सांगत आणि तेवढेही पुष्कळ होते.

त्यांना सर्वांत अधिक आठवत ते तिथले बैल. टायबरच्या खोऱ्यातले शेतकरी पांढऱ्याशुभ्र, उंच्यापुऱ्या बैलांनी नांगरट करीत. आबा म्हणत की आपला खिलार त्यांच्यापुढे उंचीला कमी, पण चपळाईला सरस. एका वस्तीवर पलटणीचा मुक्काम असताना त्यांनी गोठ्यात जाऊन एका बैलाचा जबडा उघडला आणि दात पाहून त्याचे वय बोटांवर दाखवले. मालक आधी घाबरला होता, तो हसू लागला आणि त्याने आतून पाव व द्राक्षे आणून दिली. त्याच शेतात पुढे सुरुंग पेरलेले होते आणि पेरणीची वेळ टळत चालली होती. शेतकऱ्याने हाताने तो पट्टा दाखवला, आणि आबांच्या सेक्शनने चालण्याची वाट बदलली. इतिहासाच्या पुस्तकात ज्याला दहाव्या डिव्हिजनची आगेकूच म्हणतात, ती जमिनीवर अशी झाली. एका इटालियन शेतकऱ्याने दाखवलेल्या पट्ट्यामुळे कराड तालुक्यातली काही पोरे जिवंत परतली. हा प्रसंग कोणत्याही युद्धदैनंदिनीत सापडेल असे मला वाटत नाही. तो आज शिल्लक आहे, कारण माझ्या आत्याने तो शंभर पानी वहीत आबांच्या शब्दांत उतरवून घेतला.

लढाई संपल्यावर फौज कमी करण्यात आली आणि १९४६ साली आबा घरी आले. पेन्शनसाठी शिपायाची पंधरा वर्षे नोकरी व्हावी लागते, त्यामुळे केवळ महायुद्धापुरत्या भरती झालेल्या हजारो जवानांप्रमाणे त्यांनाही पेन्शन नव्हते. मिळालेल्या पैशांतून त्यांनी खिलार जोडी घेतली आणि जमीन कसायला लागले. आपल्या शासनाने दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना पुढे मासिक अर्थसहाय्य सुरू केले, याचे मोल आमच्या घराला पूर्ण ठाऊक आहे. त्यासाठीचा हयातीचा दाखला देण्याचा दिवस आबा कधी चुकवीत नसत.

फौजेतली चार वर्षे सोडली, तर त्यांचे बाकीचे आयुष्य गावात गेले, पण फौजेने जे शिकवले ते त्यांनी गावासाठी खर्च केले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. त्या दिवशी गावातली तरुण मुले घेऊन, ट्रकमध्ये पहारी, घमेली आणि दोरखंड टाकून आबा कोयनानगरकडे गेले. पडलेल्या घरात घुसण्याआधी भिंतीला टेका कसा द्यायचा, आतून आवाज येतो का हे ऐकण्यासाठी सगळ्यांनी केव्हा गप्प राहायचे, हे त्यांनी बाँबने ढासळलेल्या इटालियन गावांत पाहिलेले होते. १९७२ च्या दुष्काळात ते रोजगार हमीच्या कामावर मुकादम होते. हजेरीपटावर एकही खोटा अंगठा उमटू द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक होता, आणि त्यापायी त्यांनी भावकीतल्या एका वजनदार घराशी कायमचे वाकडे घेतले. त्यांच्या नातवंडांना हे युद्धाइतकेच मोठे वाटत आले आहे.

त्यांची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाऊ लागली. ११ डिसेंबर १९७१ रोजी तीच पलटण आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला हवाई छत्रीने उतरली. रेडिओवरची ती बातमी ऐकून आबांनी गावात साखर वाटली, असे आमचे वडील सांगत.

महोदय, एका कार्यालयात आबांचे कागद पाहून तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने अगदी मनापासून विचारले होते की आपले सैन्य इटलीत कसे काय गेले. मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याने हे वाचावे कोठे? इटलीतल्या मोन्तोने गावाने मात्र जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. त्याचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले तेव्हा आबांनी शंभरी गाठलेली होती. त्यांनी फोटोतल्या टेकडीकडे बराच वेळ पाहिले आणि गाव बरोबर ओळखले. ऐंशी वर्षांपूर्वीची ती टेकडी ओळखणारा माणूस आपल्या जिल्ह्यात होता आणि शासनाच्या दप्तरी तो केवळ एक लाभार्थी होता, याचे मला खरोखर दुःख आहे.

दुसऱ्या महायुद्धात लढलेले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. परंतु १९६२, १९६५ आणि १९७१ च्या लढायांतले शेकडो सैनिक आपल्या गावागावांत आहेत. १९७१ साली जो विशीत होता, तो आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. माझी विनंती त्यांच्यासाठी आहे आणि ती खर्चिक नाही. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक गावोगाव जातातच. त्यांच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या माजी सैनिकांची यादी असावी आणि ज्यांची संमती असेल त्यांची मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याचे काम त्यांच्याकडे अधिकृतपणे सोपवले जावे. एनसीसीचे छात्र आणि महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी यात आनंदाने येतील. बोलणे माजी सैनिकाच्या स्वतःच्या बोलीत व्हावे, प्रश्न थोडे असावेत आणि केवळ शौर्याचे नसावेत: खाणे काय होते, पत्र कोण लिहून देई, परत आल्यावर जमीन कोणाच्या ताब्यात होती, हेही विचारले जावे. त्यासोबत डिस्चार्ज बुक, पत्रे आणि छायाचित्रे यांच्या प्रती काढून सारा संग्रह राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात ठेवावा आणि संशोधकांना तसेच कुटुंबांना खुला करावा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने सैनिकांचे आवाज असे जपलेले आहेत. आपल्या मावळी, वऱ्हाडी आणि कोकणी आवाजांसाठी आपल्याच राज्यात जागा असायला हवी.

गावोगावी सैनिकांच्या नावे कमानी उभ्या राहत आहेत, त्यांबद्दल मला आदर आहे. तरीही एका कमानीच्या खर्चात एका तालुक्याचे ध्वनिमुद्रण होऊन काही शिल्लक उरेल, असे मला वाटते, आणि निवड करायची झाल्यास ध्वनिमुद्रण आधी व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आबांचे डिस्चार्ज बुक, इटली स्टार आणि त्यांची इतर पदके, तसेच आत्याची वही यांच्या प्रती आणि छायाचित्रे देण्यास आमचे कुटुंब तयार आहे. आमच्या गावात १९७१ च्या लढाईतले दोन माजी सैनिक आहेत. दोघांनीही बोलण्याची तयारी मला सांगितली आहे. त्यांतल्या एकांना अलीकडे ऐकू कमी येते, त्यामुळे येणाऱ्याने प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून आणावेत. दोघेही सकाळी दहापर्यंत देवळाच्या कट्ट्यावर असतात. दिवाळीच्या आत आपल्या विभागाकडून कोणी आले, तर गावातली सर्व व्यवस्था मी स्वतः पाहीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एका माजी सैनिकाचा नातू,
ता. कराड, जि. सातारा.