काचेचा रंग पाहून लेसर अडत नाही: ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्राहक संरक्षण मंत्री

विषय: ‘लेसर संरक्षक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत चष्म्यांवर तरंगलांबी व प्रकाशीय घनता छापणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

घरातली रंगीत काच, जिलेटिन कागद किंवा उन्हाचा गॉगल लेसरचा प्रकाश अडवतो का, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा मुलांच्या हाती लेसर पॉइंटर पाहून धास्तावलेले पालक असतात, नाहीतर घरी कोरीवकामाचे लेसर यंत्र आणलेले हौशी कारागीर. त्यांची समजूत अगदीच निराधार नाही. हिरव्या लेसरपुढे लाल जिलेटिन कागद धरला की भिंतीवरचा ठिपका खरोखरच मंदावतो, आणि डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीवर कोण अविश्वास दाखवील? परंतु ठिपका मंदावणे आणि डोळा सुरक्षित असणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या अंतराकडे दुर्लक्ष करून निव्वळ काचेच्या रंगाच्या भरवशावर चष्मे विकले जातात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुमारे ४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याचे भिंग थेट दृष्टिपटलावर एकवटते, आणि लेसरचा समांतर झोत असेल तर बुबुळापासून दृष्टिपटलापर्यंत पोहोचताना त्याची तीव्रता साधारण एक लाख पटींनी वाढते. म्हणूनच लेसरच्या सुरक्षाविषयक वर्गवारीत दुसऱ्या वर्गात मोडणाऱ्या दृश्य प्रकाशाच्या लेसरची मर्यादा अवघी १ मिलिवॅट ठरवलेली आहे, आणि तीही पापणी पाव सेकंदात मिटेल असे गृहीत धरून. आता घरगुती कोरीवयंत्रातला ५ वॅटचा निळा लेसर घेऊ. त्याचा झोत साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून परावर्तित झाला तरी सुमारे ४ टक्के, म्हणजे २०० मिलिवॅट, प्रकाश परत फिरतो. उन्हाचा चांगला काळा गॉगल ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत सोडतो. आपण १० टक्के धरले तरी त्या परावर्तनातले २० मिलिवॅट डोळ्यात जातील. थेट झोताचे ५ वॅट १ मिलिवॅटवर आणायचे तर प्रकाश पाच हजार पटींनी घटवावा लागतो, म्हणजे काचेची प्रकाशीय घनता किमान ३.७ हवी. ही घनता १ ने वाढली की प्रकाश दहापटीने कमी होतो. १० टक्के प्रकाश सोडणाऱ्या गॉगलची घनता मात्र अवघी १ असते.

जिलेटिन कागदाच्या चार घड्या घातल्या तर, असेही मला विचारले गेले आहे. दृश्य प्रकाशापुरता तो हिशेब काही अंशी जमेलही, पण ज्या यंत्राचे कामच कागद आणि लाकूड जाळून कोरण्याचे आहे, त्याच्यापुढे जिलेटिनचा कागद किती वेळ टिकेल?

खरी अडचण न दिसणाऱ्या प्रकाशाची आहे. बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये मुळात हिरवा प्रकाश निर्माणच होत नाही. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला ऊर्जा देतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त झोत निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश तयार करतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवणारी छोटी काच स्वस्त पॉइंटरमध्ये अनेकदा वगळलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली तपासलेल्या एका स्वस्त पॉइंटरमधून तर हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाशच अधिक बाहेर पडत होता. कागदातले वा प्लास्टिकमधले नेहमीचे रंग हा अवरक्त प्रकाश जवळजवळ जसाच्या तसा पुढे जाऊ देतात. त्यामुळे लाल कागदाआडून पाहणाऱ्याला ठिपका मंद दिसतो, त्याची बाहुली विस्फारलेली राहते, पापणी मिटण्याचे कारण उरत नाही, आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असल्याचेही त्याला कळत नाही.

रंगाचा निकष किती निरुपयोगी आहे, याचे माझे आवडते उदाहरण उलट्या बाजूचे आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०,६०० नॅनोमीटरचा झोत संपूर्ण पारदर्शक, बिनरंगी ॲक्रिलिकमध्ये शोषला जातो. त्याच ॲक्रिलिकमधून निळा लेसर मात्र बिनदिक्कत आरपार जातो.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, कोणत्या तरंगलांबीसाठी किती प्रकाशीय घनता, हे चष्म्यावरच कायमस्वरूपी छापलेले असल्याखेरीज तो लेसर संरक्षक म्हणून विकता येऊ नये, आणि यंत्रासोबत फुकट दिलेल्या चष्म्यालाही हाच नियम लागू असावा. युरोपच्या ईएन २०७ या मानकात काचेची घनता तर पाहतातच, शिवाय थेट झोत पडल्यावर ती टिकते का हेही तपासतात. अशी चाचणी आपल्याकडेही मागता येईल. लेसर उपकरणाच्या खोक्यावर शक्तीच्या आकड्याशेजारी तरंगलांबी नसेल, तर ग्राहकाने योग्य चष्मा निवडायचा कसा, याचाही विचार व्हावा.

केवळ लेबलाच्या सक्तीने काम भागणार नाही. याच अमेरिकन संस्थेने १२२ लेसर पॉइंटर तपासून २०१३ साली जाहीर केले की, त्यांतले सुमारे ९० टक्के हिरवे आणि ४४ टक्के लाल पॉइंटर तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. म्हणजे ग्राहकाने लेबल वाचून अचूक हिशेब केला तरी मूळ आकडाच खोटा असू शकतो. विभागाने बाजारातून स्वतः नमुने विकत घेऊन त्यांची मोजणी करावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत.

यातून लेसरविषयी सरसकट भीती पसरावी, असे मला मुळीच वाटत नाही. खरोखरच १ मिलिवॅटच्या आत असलेल्या पॉइंटरसाठी चष्म्याची गरज नाही. तो डोळ्यांवर रोखायचा नाही एवढे पुरे. शक्तिशाली यंत्रांच्या बाबतीतही चष्म्याआधी बंद आवरण यावे, झाकण उघडताच लेसर बंद पडावा, ही व्यवस्था अधिक भरवशाची आहे, आणि नियम करताना तिला पहिले स्थान मिळावे. तोवर आपल्या विभागाच्या सुरक्षा सूचनांमध्ये ‘लेसर वापरताना रंगीत चष्मा घालावा’ अशा अर्थाचे वाक्य कुठे असेल, तर ते आजच काढून टाकता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक