‘शेजारी कुणी झोपलंय का?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव मला कधीच कळलं नाही. तुमच्या यूट्यूबवरच्या खात्याला नाव म्हणून चार अक्षरं आणि काही आकडे होते. आता ते खातंही उघडत नाही आणि मेलला उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. कुणाच्या तरी हातून फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत पोचावं, एवढीच इच्छा आहे.

परवा जुनी हार्ड डिस्क आवरताना तुम्ही तुमच्या आवाजात बोलून पाठवलेली फाइल सापडली. चार मिनिटं बारा सेकंदांची. टाळेबंदीत मी ती पन्नासेक वेळा तरी ऐकली असेन, पण एका कानात बंद पडलेल्या इअरफोनवर आणि फक्त शिकण्यापुरती. परवा पहिल्यांदा चांगला हेडफोन लावून ऐकली. जे ऐकू आलं त्यानं दोन रात्री नीट झोप लागलेली नाही. ते शेवटी सांगतो. आधी आभार मानायचे आहेत, कारण तेव्हा मी ते ‘थँक्यू ताई, खूप मदत झाली’ एवढ्यावर उरकले होते.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची साथ ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं चोवीस तास कोंडली गेली. माझं काम ‘कळवतो’ म्हणून थांबलं होतं, ते पुढे कुणी कळवलंच नाही. टीव्हीवर आकडे सरकत राहायचे, आईबाबा ते बघत गप्प बसायचे, धाकटी बहीण मोबाइलवर वर्ग करायची आणि आजी दिवसातून चारदा विचारायची, “आज किती?” मला असं काहीतरी हवं होतं, जिथे आज पेरलं की चार दिवसांत उगवलेलं दिसतं. म्हणून स्टारड्यू व्हॅली हा शेती करायचा कॉम्प्युटर गेम खेळायला लागलो, आणि खेळता खेळता मराठीतून बोलत त्याचे व्हिडिओ करायला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून केला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २०१६ साली तो बाहेर आला. अंथरुणाला खिळलेले आजोबा नातवंडाच्या हातात एक बंद पाकीट देतात, पुढे कधीतरी ते उघडलं की त्यात शेत निघतं, आणि तिथून खेळ सुरू होतो. खेळातला दिवस सकाळी ६ ला उगवतो. रात्री २ पर्यंत अंथरुणात शिरलं नाही, तर आपलं पात्र असेल तिथे कोसळतं. दिवसभर केलेलं कामही झोपल्यावरच सेव्ह होतं.

मी मात्र रात्री १ नंतरच बसू शकायचो. दिवसा घरात शांतता मिळायची नाही. रात्री मिळायची, पण ती आजीच्या झोपेची होती. तिची खाट माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. तिची झोप फार सावध. एकदा मोडली की पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि मग ती अंधारात पडल्या पडल्या त्या आकड्यांचाच विचार करत राहायची. म्हणून मी कुजबुजायचो. पाऊण पाऊण तास, इअरफोनचा माइक ओठांना जवळजवळ चिकटवून.

त्यातच मार्चच्या अखेरीस, इंटरनेटवरचा ताण हलका व्हावा म्हणून, यूट्यूबवरचे व्हिडिओ जगभर आपोआप एसडी, म्हणजे कमी स्पष्ट दर्जातच सुरू व्हायला लागले. कारण योग्यच होतं. पण माझा खेळ ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा, त्यातली अक्षरं बारीक. ज्यानं दर्जा स्वतःहून वाढवला नाही त्याला ती पुसटच दिसणार. म्हणजे बघणाऱ्याला धरून ठेवायला माझा आवाज तेवढा उरला, आणि तोच नुसता फुसफुसत होता.

मदत मी मागितली होती, ताई. तुमच्या आधी तीन ठिकाणी मागितली. माझ्या ओळखीतला एक जण मोठा चॅनेल चालवतो. त्यानं दहा सेकंद ऐकून लिहिलं, ‘आधी माइक घे, मग बोलू.’ दुकानं बंद, घरपोच सामान बंद, वेबकॅम तर जगभरच मिळेनासे झालेले, हे त्यालाही माहीत होतं. दुसरं ठिकाण म्हणजे आमच्यासारख्याच लहान चॅनेलवाल्यांचा ग्रुप. तिथे माझ्या आवाजाचा एक तुकडा कापून कुणीतरी त्याला ‘भुताचं शेत’ असं नाव दिलं आणि दोन दिवस तेच चालू राहिलं. तिसऱ्यानं पैसे घेतले. कमाई सुरू व्हायला तेव्हा १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागायचं, ते सगळं करून देतो म्हणाला. एका रात्रीत तीनशे खाती आली, महिन्याभरात ती सगळी गळून गेली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. नाव कुणाचंच घेत नाही. पण राग अजून आहे आणि तो झाकावासा वाटत नाही. या तिघांपैकी एकानंही माझा एक भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

मग मे महिन्यात सतराव्या भागाखाली तुमच्या तीन ओळी आल्या.

‘पूर्ण पाहिला. ३१ व्या मिनिटाला तुम्ही वाक्य अर्ध्यात सोडलंत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. शेजारी कुणी झोपलंय का?’

मी तो भाग पुन्हा लावून बघितला. ३१ व्या मिनिटाला आजी कुशीवर वळली होती, खाट करकरली होती आणि मी श्वास धरून बसलो होतो. चाळीस सेकंद. पडद्यावर माझा शेतकरी पार्सनिपच्या, म्हणजे गाजरासारख्या एका कंदाच्या, रोपांत झारी घेऊन नुसता उभा. ते चाळीस सेकंद मी कापलेही नव्हते, कारण इथवर कुणी बघत येईल असं मला वाटलंच नव्हतं. तेव्हा माझे खरे सबस्क्रायबर ८३ होते. तुम्ही इथवर आलात आणि माझ्या गप्प बसण्यातून तुम्हाला कुणाची तरी झोप ऐकू आली. त्या आवाजामागे एक घर आहे, हे ऐकणाऱ्या तुम्ही पहिल्या.

माइक कुठला, लॅपटॉप कुठला, असं काही तुम्ही विचारलं नाहीत. मी ‘हो, आजी’ एवढंच लिहिलं. तुमचं उत्तर आलं: ‘मग आजींना उठवायचं नाही आणि आवाजही पोचवायचा. होईल. मेल आयडी द्या. मी नाटकांचा साउंड करते, सध्या कुठेच पडदा उघडत नाहीये, त्यामुळे वेळ आहे.’

कुठेच पडदा उघडत नाहीये, हे तुम्ही किती सहज लिहिलं होतंत. तेव्हा ते मी वाचून पुढे गेलो. तुमचंही काम थांबलं होतं, कदाचित माझ्याहून वाईट थांबलं होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

दोन दिवसांनी फाइल आली. काय काय करायचं ते तुम्ही सहा ओळींत लिहून पाठवू शकला असतात आणि त्यालाही मी मदतच म्हटलं असतं. पण तुम्ही स्वतः डोक्यावरून पांघरूण घेऊन, रात्री, माझ्याकडे होता तसाच साधा इअरफोन लावून बोलून दाखवलंत. सुरुवातीलाच सांगितलंत, “माझ्याकडे चांगला माइक आहे, पण त्यावर करून दाखवलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.” ताई, या वाक्यासाठी मी तुमचा आयुष्यभर ऋणी आहे. तोवर जो तो मला माझ्याकडे काय नाही तेच सांगत होता. माझ्याकडे जे होतं तेवढंच हातात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलेलं माणूस तुमच्याखेरीज दुसरं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, “कुजबुजू नका, हळू बोला. दोन्ही वेगळं आहे.” आणि तेच वाक्य दोन्ही तऱ्हांनी म्हणून दाखवलंत. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासत जाते. त्यामुळे पंख्याची घरघर काढणारा फिल्टर लावला की कुजबुजही तो गोंगाट समजून खाऊन टाकतो. माझे अर्धे शब्द तिथेच जात होते आणि मी मात्र माइकला दोष देत होतो. खालच्या पट्टीत, पण गळ्यातून बोललं की आवाजाला अंग येतं. तो माइकला नीट सापडतो आणि खोलीत फारसा पसरतही नाही. माइक ओठांसमोर नको, ओठांच्या बाजूला, म्हणजे श्वासाचे फटके बसत नाहीत. अंतर निम्मं केलं की साधारण सहा डेसिबल फुकट मिळतात. खेळाचा आवाज आणि आपला आवाज ओबीएसमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा. बाकीचं इथे लिहीत नाही. ज्यांना हवं असेल त्यांना मी स्वतः सांगेन, आणि सांगतोही.

त्या रात्री मी पहिल्यांदा गळ्यातून बोललो. भीत भीत. आजी उठली नाही. पुढच्या आठवड्यात मात्र एका सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, “त्या कोबीचं काय झालं रे? काल ऐकता ऐकता झोप लागली.” म्हणजे एवढे दिवस ती माझ्या कुजबुजीनं जागी राहत होती, अंधारात कुणीतरी काहीतरी लपवून बोलतंय म्हणून, आणि साध्या आवाजानं झोपली. तेव्हापासून तिला रोज सकाळी शेताची बातमी द्यायची, असा नेमच झाला. “आज किती?” हा प्रश्न ती कोबीबद्दलही विचारायला लागली.

चॅनेल मोठा झाला नाही, ताई. आजही हजार झालेले नाहीत. पण रात्री झोप येत नाही म्हणून तुमचा व्हिडिओ लावतो, असं लिहिणारी माणसं भेटली. एक जण रुग्णालयातल्या रात्रपाळीनंतर बघायची. एकानं लिहिलं होतं की घरात तो एकटाच आहे, दिवसभर कुणाचाच आवाज कानावर पडत नाही, म्हणून एकच भाग पुन्हा पुन्हा लावतो. अशा माणसांना उत्तर देताना मी आधी त्यांचं सगळं वाचतो, मग एक प्रश्न विचारतो. ही सवय तुमची आहे. त्या महिन्यांत सल्ले देणारे पुष्कळ होते. समोरच्याच्या घरात काय चाललंय ते आधी ऐकून घेणारे थोडे होते. पण होते, आणि ती माणसं बहुतेक अनोळखीच होती. कुणी न विचारता औषधं दारात ठेवून गेलं, कुणी रोज ठरल्या वेळी फोन करून नुसतं ‘जेवलात का’ एवढं विचारलं. त्यांची नावं कुठे नोंदवलेली नाहीत. मला वाटतं, आम्ही त्या दिवसांतून शाबूत बाहेर आलो त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे, आणि आम्ही तो कधी मोकळेपणानं बोलून दाखवला नाही.

आता ते शेवटचं.

तुमच्या फाइलमध्ये तिसरं मिनिट संपल्यावर तुम्ही वाक्य अर्ध्यात सोडता. ‘फिल्टर लावताना’ एवढं म्हणून थांबता. मला तेव्हा वाटायचं, रेकॉर्डिंग अडकलं असेल. परवा हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं की रेकॉर्डिंग चालूच आहे. पांघरुणाची सळसळ थांबते. लांबून, बहुधा दुसऱ्या खोलीतून, खोकल्याचा आवाज येतो. बराच वेळ. मग कुणीतरी कण्हल्यासारखं होतं. तुम्ही श्वासही घेत नाही. ते शांत झाल्यावर तुम्ही आधीपेक्षा खालच्या पट्टीत पुन्हा म्हणता, “हां, तर फिल्टर लावताना...”

पांघरुणात तुम्ही मला करून दाखवण्यासाठी शिरला नव्हतात. निदान, केवळ त्यासाठी नव्हे. ते २०२० चं साल होतं आणि तुमच्या घरात रात्री कुणीतरी खोकत होतं. तशा रात्री तुम्ही एका अनोळखी मुलाला त्याच्या आजीची झोप न मोडता कसं बोलायचं ते शिकवत होतात. तुम्ही मला विचारलंत, शेजारी कुणी झोपलंय का. मी ‘हो’ म्हटलं, तुमच्याकडून सगळं शिकून घेतलं, आणि उलट तुम्हाला ते विचारलंच नाही.

म्हणून आज विचारतो. तुमच्या शेजारी कोण झोपलं होतं, ताई? आता बरे आहेत ना ते?

तुमचा,
सतराव्या भागातला, पार्सनिपच्या रोपांत थांबलेला मुलगा